आधी धरून बघा

हुक्केरी अक्कांनी पहिल्या भेटीत माझा हात धरला, तो सोडेचनात.

गैरसमज नको. त्या पन्नाशीच्या पुढे होत्या, मी पुण्याहून नुकताच बेंगळुरूला आलो होतो, नोकरीचा पहिला दिवस होता आणि आम्ही आनेकलच्या अलीकडच्या एका कारखान्याच्या गेटवर उभे होतो. तिथे शेतीपंपाच्या स्टार्टरचे पत्र्याचे डबे तयार होतात. मी खरेदी विभागात, अक्का सेफ्टी ऑफिसर. "मी लिमये," म्हणत मी हात पुढे केला. अक्कांनी तो घेतला, दाबला, उलटा केला, अंगठ्याच्या बुडाशी चिमटा काढल्यासारखं केलं आणि माझी बोटं एकेक मिटवून पाहिली. शेजारचा वॉचमन शांतपणे आभाळाकडे बघत होता. त्यावरून हा कार्यक्रम इथे नेहमीचा असावा, एवढं मला कळलं.

"हात मोठा आहे की," अक्का म्हणाल्या. मी सुखावलो.

"पण वापरलेला दिसत नाही. पुण्यात काय करत होतासा?"

"खरेदीच."

"मग बरोबर," म्हणाल्या आणि हात सोडला.

अक्का निपाणीच्या. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल "मी येतो", "मी सांगितलो" असं बोलायच्या. पहिला आठवडाभर माझा पुणेरी कान त्यांना मनातल्या मनात दुरुस्त करत बसला, मग दमला. कारखान्यात झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. प्रेमाने किती आणि धाकाने किती, हे मात्र कुणी वेगळं करून सांगितलं नाही.

बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं यावर फुटकळ विनोद करायची मला खोड होती. अक्कांच्या पर्सने ती मोडली. त्यात मुठी असायच्या. स्क्रूड्रायव्हरच्या, पान्याच्या, हातोडीच्या, एका जुन्या कुकरची, लहान मुलाच्या टूथब्रशची. सगळ्या दांड्यापासून कापून काढलेल्या. गप्पा मारताना दुसऱ्या बायका विणकाम करतात तशा अक्का एखादी मूठ काढून हातात फिरवत बसायच्या. जगात जे जे हातात धरायचं असतं, ते ते कधीही हातात न धरणाऱ्या माणसांनी ठरवलेलं असतं, ही त्यांची पक्की समजूत. कंपनीच्या बसमध्ये चढताना दांड्याला हात लावला की रोज तेच, "हा एवढा जाड दांडा ज्यानं बसवला नव्हं, तो कारमधनं फिरत असणार बघा."

कशावरही मत विचारा, उत्तर एकच, "आधी धरून बघा, मग बोला." भाचीला आलेल्या स्थळाबद्दलसुद्धा त्या हेच म्हणाल्या होत्या. त्यावरून त्यांच्या घरात बराच गहजब झाला म्हणतात.

मारतहळ्ळीला मी फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा हौसेने अक्कांना दाखवायला नेलं. बिल्डरच्या माणसाने त्यांना हवा दाखवली, उजेड दाखवला, समोरच्या टेक पार्कची काच दाखवली. अक्का तिकडे बघितल्यासारखं करून दारं उघडमिट करत होत्या. बाथरूमपाशी थांबल्या.

"मूठ गोल आहे."

"छान दिसते ना?" मी म्हणालो.

"दिसते की. उघडायची कशी?"

मी त्यांना मोठ्या समजुतीने मूठ फिरवून दाखवली. फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत मी नखशिखान्त साबणात असताना पाणी गेलं. बादली बाहेर. मी मूठ फिरवायला गेलो तर ती गुळगुळीत गोल मूठ साबणाच्या हातात जागच्या जागी गरगरू लागली. म्हणजे गरगरत माझा हात होता, मूठ ढिम्म. टॉवेलही बाहेरच. बायको तिच्या ऑफिसला गेलेली. शेवटी मी खिडकीतून ज्या हाका मारल्या त्या ऐकून सिक्युरिटीवाला, प्लंबर आणि शेजारच्या एक तमिळ आजी असे तिघे आले आणि तिघांनी मिळून माझी सुटका केली. माझ्या अंगावर त्या वेळी काय होतं हे सांगत नाही. साबण होता.

उशिरा ऑफिसला पोचलो आणि आपणच सांगितलं तर निदान आपल्याच शब्दांत जाईल, म्हणून अक्कांना सगळं सांगितलं. सगळं खातं हसून लोळलं. अक्का हसल्या नाहीत. अपघाताची चौकशी करावी तशा गंभीरपणे म्हणाल्या, "गोल मूठ. त्यात साबणाचा हात. सांगितलो होतो."

हे सगळं गमतीचं वाटतं. रोज शेजारी बसून ऐकायला लागलं की गंमत उरत नाही. अक्कांचं बहुतेक वेळा बरोबर असायचं, आणि बरोबर असणाऱ्या माणसाचा आवाज जितका चढा असू नये तितका त्यांचा असायचा. मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. त्यामुळे त्यांचं म्हणणं पटलेली माणसंही निव्वळ रागाने विरोधात जात. मी स्वतः दोनदा गेलो आहे. आणि एकदा तर अक्का साफ चुकल्या. ज्या चुकीवरून पुढचं सगळं घडलं ती ही.

स्टार्टरच्या डब्यात अगदी आतल्या कोपऱ्यात काही स्क्रू असतात. तिथे विजेवर चालणारा ड्रायव्हर पोचत नाही, ते हातानेच आवळावे लागतात. ते काम लाइनवरच्या बायकांचं. जुन्या ड्रायव्हरची मूठ बारीक आणि कडक होती, दिवसभर वापरून तळव्यात रुतायची, फोड यायचे. अक्कांनी भांडभांड भांडून नवे ड्रायव्हर मंजूर करून घेतले, जाड आणि मऊ रबरी मुठीचे. घेण्याआधी अर्थातच 'धरून बघा' झालं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये प्रत्येक बाईच्या हातात नवा ड्रायव्हर दिला. बायकांनी धरला, फिरवला, एकमेकींना टोचला आणि "चेन्नागिदे अक्का, छान आहे" म्हणून सांगितलं. अक्का विजयी मुद्रेने सगळीकडे फिरल्या.

सगळं झालं होतं. एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या हातात ग्लोव्ह नव्हते.

पत्र्याच्या कडा धारदार. त्यामुळे लाइनवर ग्लोव्हशिवाय हात लावायचा नाही, हा नियम खुद्द अक्कांचा. आणि ग्लोव्ह कुणी घेतलेले? मी. कापलं जाऊ नये म्हणून नुकतेच, जुन्या पातळ ग्लोव्हच्या जागी, चांगले जाड घेतले होते, आणि सगळ्यांना एकच, 'फ्री साइझ'. ड्रायव्हर अक्कांनी उघड्या हातात तपासले, ग्लोव्ह मी फक्त चित्रात तपासले. जाड मूठ अधिक जाड ग्लोव्ह असं दोन्ही एकत्र धरून कुणी बघितलंच नाही. धरलं ते थेट लाइनवरच्या बायकांनी, रोज, पाळीभर.

त्यातलीच मंजुळा. आनेकलच्या पलीकडच्या खेड्यातून यायची. लहान चणीची, हात शाळकरी पोरीएवढे. या लाइनवर तिच्याइतका सफाईचा हात दुसरा नव्हता. पूर्वी तिने जोडलेला डबा प्रॉडक्शन मॅनेजर शेट्टींच्या टेबलावर नमुना म्हणून ठेवलेला असायचा. नव्या ग्लोव्हच्या बोटांत तिची बोटं अर्ध्यावर संपायची आणि पुढची रिकामी टोकं दुमडून मध्ये यायची. वर ती जाड मूठ. मुठीभोवती तिची बोटं मिटायचीच नाहीत. मग ती जीव खाऊन आवळायची. संध्याकाळी हात बधिर. ड्रायव्हर सटकायचा, डब्याच्या रंगावर ओरखडा जायचा आणि डबा परत यायचा.

अक्का म्हणायच्या, "माणूस जोर लावून धरायला लागला की समजायचं, वस्तू हातात बसलेली नाही."

शेट्टी मात्र वेगळंच समजले. ते कशालाही "सरी, सरी" म्हणायचे. त्याचा अर्थ 'ठीक आहे'; शेट्टींच्या तोंडी अर्थ होता, 'आता जा'. अक्का मूठ बदलायचं बोलायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीच मागितली होती ना ही मूठ? सगळ्यांनी छान म्हणून सांगितलं होतं. आता पुन्हा बदल? सरी, सरी." आणि मंजुळाबद्दल म्हणाले, "तिच्या हातात जोर राहिला नाही. दसऱ्यानंतर पॅकिंगला पाठवतो."

पॅकिंगला पाठवणं म्हणजे काय, हे कंत्राटी बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नसे. तिथून पुढे घरीच जायचं असे.

त्यानंतर मंजुळा उजव्या हातातला ग्लोव्ह गुपचूप काढून काम करायला लागली. एक दिवस बोट कापलं. अक्का धावत गेल्या, बोट बांधलं आणि बांधता बांधताच तिला फैलावर घेतलं. सगळं कन्नडमध्ये, पण अर्धा कारखाना थांबावा इतक्या मोठ्याने. मंजुळा सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "अक्का, घातला तर ड्रायव्हर पडतो. काढला तर बोट जातं. तुम्हीच सांगा, कोणतं करू?"

अक्कांनी तिचा काढून ठेवलेला ग्लोव्ह उचलला. त्या तिथून तडक माझ्या टेबलापाशी आल्या आणि तो माझ्या डब्यातल्या पोह्यांशेजारी आपटला.

"हा कुणी घेतला?"

"मी."

"धरून बघितलासा?"

"अक्का, ग्लोव्ह धरत नसतात, घालत असतात."

अशा वेळी मला विनोद का सुचतात, हे माझ्या बायकोलाही कळलेलं नाही. अक्कांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. त्या बसल्या याचीच मला जास्त भीती वाटली.

"फ्री साइझ म्हणजे काय हो?"

"म्हणजे सगळ्यांना होतो."

"म्हणजे तुम्हाला होतो," अक्का म्हणाल्या.

त्या जे काही बोलत होत्या ते मला पटत होतं. तरीही मी म्हणालो की लहान माप मागवायचं तर वेगळी मंजुरी लागेल, त्यासाठी शेट्टींनी गरज आहे म्हणायला हवं. शेट्टी म्हणतील 'सरी', म्हणजे नाही. अक्का म्हणाल्या, "मग त्यांना धरायलाच लावू."

असा कार्यक्रम ठरला. मुख्य पाहुणे शेट्टी आणि जोडीला मी. दोघांनी लाइनवर उभं राहून तोच ग्लोव्ह घालायचा, तोच ड्रायव्हर घ्यायचा आणि आतल्या कोपऱ्यातले स्क्रू आवळून दाखवायचे. बायका भोवती जमल्या. मंजुळा एका टोकाला होती. अक्कांच्या चेहऱ्यावर, आता बघाच, असा भाव.

वाचकहो, मी आयुष्यात कधी भिंतीत धड खिळा ठोकलेला नाही. आमच्या घरी फोटो टेकवून ठेवलेले असतात. पण त्या दिवशी, देव जाणे कसा, माझा हात चालला. ग्लोव्ह चपखल बसला, रबरी मूठ हातात भरली, स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे गेले. मी एक डबा पुरा केला आणि भान विसरून दुसरा ओढला. शेट्टीही तरबेज निघाले. जन्मात एकदाच मला हाताचं काम जमलं, ते जमू नये तेव्हा.

"फस्ट क्लास मूठ आहे, अक्का," शेट्टी ग्लोव्ह काढत म्हणाले. "तुमची निवड चांगलीच होती. सरी, सरी."

बायका पांगल्या. मंजुळाने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, आपल्या हातालाच काहीतरी झालंय की काय, असं. ती नजर मला त्या वेळीही नको होती.

परतीच्या बसमध्ये मी अक्कांच्या शेजारी बसलो. मी दोनदा माफी मागितली. इतकं चांगलं काम केल्याबद्दल माफी मागणारा माणूस त्या बसने प्रथमच पाहिला असेल. मारतहळ्ळी यायच्या जरा आधी त्यांनी पुन्हा माझा हात धरला, आपल्या मांडीवर ठेवला आणि न्याहाळला.

"तुमचा हातच चुकीचा हो," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "मंजूला तुमच्याएवढं होता येत नाही. मग तुम्हालाच मंजूएवढं करायला पाहिजे."

"म्हणजे?"

"मंजूचं बोट तुमच्या ह्या पेराशी संपतंय. म्हणजे तुम्हाला असा ग्लोव्ह पाहिजे की पुढं एवढं रिकामं लोंबलं पाहिजे. आणि मूठ त्या हिशेबात जाड. रविवारी शिवाजीनगरला यायचं."

"रविवारी आमच्याकडे..."

"स्वल्पच वेळ लागतोय. या."

स्वल्प म्हणजे थोडा. रविवारची अख्खी सकाळ गेली. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या गल्ल्यांत ग्लोव्हची जितकी दुकानं असतील तितकी अक्कांनी मला हिंडवली. प्रत्येक दुकानात माझा हात काउंटरवर ठेवायचा आणि दुकानदाराला सांगायचं, याला होणार नाही असा दाखवा. याला होईल असा मागणारीच गिऱ्हाइकं माहीत असलेले दुकानदार आमच्याकडे संशयाने बघायचे. शेवटी एका पोटमाळ्यावरून धूळ खात पडलेली एक जोडी खाली आली. आमच्यासारखेच जाड, पण राक्षसी.

"इत्ता बडा हात किसका है जी?" दुकानदाराने विचारलं.

"हमारे साब का," अक्का म्हणाल्या.

"पैलवान है क्या?"

"डायरेक्टर है."

मग खेळाच्या दुकानातून क्रिकेटच्या बॅटला चढवतात त्या रबरी ग्रिप घेतल्या आणि ड्रायव्हरच्या मुठीवर एकीवर एक चढवल्या. अक्का मुठीभोवती माझी बोटं मिटवून बघायच्या, "अजून मिटतायत," म्हणायच्या आणि आणखी एक चढवायला लावायच्या. दुकानदाराने आमच्या फलंदाजाची चौकशी केली. दमून एका हॉटेलात कॉफी घेतली. तिथला स्टीलचा पेला बिनकाठाचा, वाफाळता. मी तो उचलला आणि तितक्याच चपळाईने स्वतःच्या पँटवर ओतला. अक्कांनी माझी विचारपूस नंतर केली. आधी वेटरला बोलावून रिकामा पेला त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "ह्याला काठ कुठं आहे? तुम्ही धरून बघा की!"

आमच्या कारखान्यात दसऱ्याची आयुधपूजा जोरात असते. यंत्रं धुतात, ड्रायव्हर, पाने, हातोड्या ताटात मांडून हळदीकुंकू लावतात, झेंडू वाहतात, दारात कोहळा फोडतात. आणि तिथली एक रीत अशी की पूजा झाली की पूजेतल्याच ड्रायव्हरने साहेबांनी नव्या डब्याचा पहिला स्क्रू आवळायचा. त्या वर्षी वरच्या ऑफिसातले डायरेक्टर आले होते. लाइनवर ते कधी फिरकत नसत. शेट्टी मुद्दाम शिवलेला सूट घालून त्यांच्या मागे.

पूजेच्या ताटात झेंडूखाली कोणता ड्रायव्हर ठेवलाय हे मला आणि अक्कांनाच माहीत होतं.

साहेबांनी हात पुढे केला. अक्का ग्लोव्ह घेऊन उभ्या. "सेफ्टीचा नियम आहे सर. ग्लोव्हशिवाय इथे कुणीच हात लावत नाही." साहेबांनी कौतुकाने मान हलवली आणि ग्लोव्ह चढवले. बोटांची टोकं पुढे लोंबली. त्यांनी स्क्रू उचलायला घेतला. दुमडलेल्या टोकांत तो आला, आला, आणि पडला. पुन्हा घेतला. पुन्हा पडला. फोटोग्राफर थांबला होता. तिसऱ्यांदा स्क्रू कसाबसा जागेवर टेकला, तर ती मूठ हातात मावेना. साहेबांनी दात आवळले, जोर लावला, ड्रायव्हर सटकला आणि नव्याकोऱ्या डब्यावर हातभर ओरखडा ओढत खाली गेला. कुंकवाचा फराटाही उठला. भटजी पुटपुटायचे थांबले.

मंजुळाने वाकून स्क्रू उचलला आणि साहेबांच्या तळव्यावर ठेवला.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. आता त्यांना उमगेल, आता अक्का पुढे होऊन सांगतील की सर, लहान हाताच्या बाईला रोज असंच होतं, आणि मग सगळं आपोआप सुरळीत होईल, असं मी मनात रचलेलं. माणसाला उमगण्याआधी राग येतो, हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

"हेच ग्लोव्ह रोज वापरतात इथे?" साहेबांनी विचारलं. "कुणी खरेदी केले हे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांना वाटलं की कारखान्यात हेच राक्षसी ग्लोव्ह चालतात! मी घाईघाईने तोंड उघडलं, "सर, म्हणजे हे मुद्दाम..." आणि माझ्या मनगटावर, मागच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशी, अक्कांची पकड बसली. तोवर त्यांनी माझा हात अनेकदा धरला होता. असा नव्हता धरला.

"मी, सर," मी म्हणालो. खोटंही नव्हतं. रविवारी मीच घेतले होते.

"डोळे मिटून घेता का वस्तू? माणसं काम कशी करतात यात? आत्ताच्या आत्ता बदला. लहान मागवा."

"सरी, सरी," मी म्हणायच्या आधी शेट्टीच म्हणाले. त्यांना ते ग्लोव्ह आपले नाहीत हे पहिल्या क्षणीच कळलं होतं. पण साहेबांच्या हातून ड्रायव्हर पडला तो ग्लोव्हमुळे नव्हे, असं म्हणायचं तर दुसरं काय म्हणायचं? हातात जोर नाही म्हणायचं? सणानंतर मंजुळाच्या पॅकिंगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तो डबा ओरखड्यासकट दारामागे बरेच दिवस पडून होता.

कारखान्यात माझं नाव बदललं. 'डोळे मिटून लिमये' हे कन्नडमध्ये अधिक सुटसुटीत होतं. अक्का मला वाचवायला एकदाही आल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चांगलं बोललासा. थोडकं बोललासा."

मी लहान ग्लोव्ह मागवले. साहेब म्हणाले होते लहान मागवा, म्हणून सगळ्या कारखान्याला लहान मागवले. पेटाऱ्यासारखे हात असलेले पत्रा कापणारे गडी ते ग्लोव्ह अर्ध्या बोटांवर अडकवून माझ्या टेबलापाशी रांगेने आले. त्यांच्या मागून अक्का.

"धरून बघितलासा?"

"बघितलं. माझ्या हातात जात नाही."

"आणि मग?"

"मग साहेबांनी लहान सांगितलं होतं."

अक्कांनी कपाळावर हात मारला. त्या दिवशी त्या कुठल्या भाषेत काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून दारात ग्लोव्हच्या दोन पेट्या आहेत, एक लहान मापाची, एक मोठ्या. एवढ्यासाठी कॅन्टीन, शिवाजीनगर, देवाची पूजा आणि माझी अब्रू असं सगळं लागलं.

जाड मुठीचे ड्रायव्हर मात्र आजही तेच आहेत. अक्का निवृत्त होईपर्यंत दर मीटिंगमध्ये तो विषय काढायच्या. "मूठ मी चुकलो, मला कबूल आहे. आता बारीक आणा की!" आणि शेट्टी म्हणायचे, सरी. लहान ग्लोव्हमध्ये मंजुळाची बोटं मुठीभोवती मिटतात, पुरती नाही, पण मिटतात. संध्याकाळी हात बधिर होत नाही. अक्कांना हे पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला आमच्याकडे आता कोण विचारतो?

निवृत्तीच्या दिवशी हार, भाषणं, म्हैसूरपाक झालं. शेट्टी अक्कांच्या शिस्तीबद्दल बोलले आणि कंपनीतर्फे भेट दिली. जाड काचेचं, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं, वर निमुळतं, खाली गोल, गुळगुळीत आणि चांगलंच जड असं स्मृतिचिन्ह. अक्कांनी ते हातात घेतलं. डाव्या हातातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात, मग छातीशी. टाळ्या चालू असतानाच त्या माझ्याकडे वळल्या. भेटवस्तूही खरेदी विभागच आणतो. मी चित्रात बघून आणली होती.

संध्याकाळी बस उभी होती तिथे त्या थांबल्या होत्या. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर मुठींची पर्स, आणि काखेतून हळूहळू खाली सरकणारा तो काचेचा थेंब.

"हे धरायचं कुठं हो?" अक्का म्हणाल्या. "सांगा की. कुठं धरायचं?"

मी पुढे होऊन घेतला. माझ्या तळहाताला घाम. तो माझ्या बोटांतून सुळकन निसटायला लागला, तसा अक्कांनी गुडघ्याने अडवला. "सोडा! तुम्ही तर नकोच."

शिफ्ट सुटली होती. मंजुळा पाठीमागून आली. तिने काहीच न विचारता कमरेला खोचलेले ग्लोव्ह काढले, रबरी तळव्याचे, लहान मापाचे, आणि आधी अक्कांपुढे धरले. अक्कांनी हात घालून पाहिला. ग्लोव्ह बोटांच्या सांध्यांपाशी अडकला. अक्कांचा हात माझ्याहून मोठा होता. इतकी वर्षं त्यांनी माझा हात धरला, मी कधी त्यांचा बघितलाच नव्हता. त्यांनी ओढून पाहिलं, रेटून पाहिलं, मग थांबून त्या अडकलेल्या ग्लोव्हकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मला कुठला व्हायला हा," म्हणाल्या आणि काढून परत दिला.

मंजुळाने ग्लोव्ह घातले, थेंब उचलला आणि आपली आनेकलकडची वाट सोडून अक्कांना पोचवायला त्यांच्या बसमध्ये चढली. अक्का तिच्या मागून चढल्या; मला कार्यक्रमाची बिलं आटपायची होती, मी खालीच राहिलो. चढताना दांड्याला हात लागला, आणि काच बंद असूनही आत त्या ड्रायव्हरला काय सांगायला लागल्या ते मला बाहेर कळलं. ड्रायव्हर सवयीने मान डोलावत होता.

बस वळली तेव्हा खिडकीपाशी मंजुळा दिसली. मांडीवर तो काचेचा थेंब, दोन्ही हात त्याच्याभोवती. रस्ता खराब आहे तिथला, बस चांगली दोन्हीकडे हिंदकळली. तिने हात घट्ट केले नाहीत. ती पलीकडच्या बाईशी बोलत होती, हातांकडे तिचं लक्षही नव्हतं.